माडीवर न पोहोचणारी लहर



गेल्या उन्हाळ्यात उणकल येथील एका कुटुंबाकडे जाण्याचा योग आला. तळ्यापासून फार दूर नाही, चंद्रमौळेश्वराच्या देवळाच्या बाजूस जी जुनी वस्ती आहे, तीत हे घर आहे. खालचा मजला आजोबांच्या काळचा. भिंती दगडी, चांगल्या हातभर रुंदीच्या. पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर व न्हाणी. काही वर्षांपूर्वी वरचे माळवद उतरवून तेथे स्लॅब घालण्यात आला व त्यावर माडी चढली. खाली थोरला भाऊ व वृद्ध आई, वर धाकटा भाऊ, अशी व्यवस्था झाली. चुली दोन झाल्या, परंतु वायफायची पेटी, जिला आपण राउटर म्हणतो, ती एकच राहिली. तिचे पैसे दोघे भाऊ निम्मे-निम्मे भरतात.

मी गेलो तेव्हा धाकट्याची मुलगी जिन्याच्या सातव्या पायरीवर बसली होती. मांडीवर वही, हातात मोबाइल. ती पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

“बाळ, अशी वाटेत का बसलीस?” मी विचारले.

“फादर, वर आमच्या खोलीत चित्र हलतच नाही,” ती म्हणाली. “सातव्या पायरीपर्यंत नीट चालते. आठवीवर गेले की सरांचा आवाज तुटतो.”

तिच्या आईने मला बाजूला घेऊन सांगितले ते असे: “निम्मे पैसे आम्ही भरतो, फादर. पण रात्री दहा वाजले की खाली बटण बंद होते. त्यानंतर वर काहीच चालत नाही. मुलीची परीक्षा तोंडावर आहे, हे त्यांना ठाऊक आहे.” थोरल्या भावाचे म्हणणे नेमके उलट. “बटणाला या घरात कोणी हात लावत नाही. उलट यांच्यासाठीच मी दोनदा जास्त पैशांची योजना घेतली. चाळीस मेगाबिटांची शंभर केली, शंभराची दोनशे केली. तरी तक्रार आहेच.” दोन महिने झाले, एका मजल्यावरचे ताट दुसऱ्या मजल्यावर गेले नव्हते. आजी कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती काही बोलली नाही.

दोघेही खरे बोलत होते, हे पुढे दिसून आले. हा प्रश्न आज अनेक घरांत आहे. एक मजला होता तोवर तो नव्हता. माडी चढली आणि तो उभा राहिला. म्हणून त्याचा विचार या वेळी जरा सविस्तर करावा असे ठरविले.

प्रथम हे पाहू की या पेटीतून निघते ते काय. धारवाडचे आकाशवाणी केंद्र ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले. त्याची मध्यम लहर ७६५ किलोहर्ट्झची. वडीलधाऱ्या वाचकांना आठवत असेल की रेडिओ सोप्यात ठेवा, माजघरात ठेवा की वर माळ्यावर ठेवा, गाणे सर्वत्र ऐकू येई. मग धारवाडचा आवाज जेथे भिंत ओलांडून येई, तेथे आपल्याच सोप्यातील पेटीचा निरोप वरच्या खोलीत का पोहोचू नये? कारणे दोन आहेत. धारवाडची ती लहर सुमारे ३९२ मीटर लांबीची, आणि तिच्यामागे २०० किलोवॅटचे प्रक्षेपण यंत्र. वायफायची लहर एक तर २.४ गिगाहर्ट्झची असते, म्हणजे लांबीने साडेबारा सेंटिमीटर. नाही तर ५ गिगाहर्ट्झची, म्हणजे जेमतेम सहा सेंटिमीटर. आणि घरातील पेटीची शक्ती साधारणतः एका वॅटच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. देवडीवरचा दिवा आणि दीपगृह यांची तुलना करण्यासारखेच हे झाले.

ही शक्ती कमी ठेवण्यात आली, ती मुद्दामच. आपल्या देशात सामान्य लोकांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. तेव्हा ती टेलिफोनच्या तारेवरून येई. बिनतारी जोडणीचा पहिला सर्वमान्य नमुना १९९७ मध्ये ठरला, त्याचा वेग फक्त २ मेगाबिट. आणि ‘वायफाय’ हे नाव १९९९ मध्ये रूढ झाले. भारत सरकारने २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यावाचून वापरण्यास मोकळा केला. परवाना नको, म्हणूनच प्रक्षेपणाची शक्ती जास्तीत जास्त १ वॅट एवढीच ठेवावी असे बंधन आले. प्रत्येकाने हवी तेवढी शक्ती वापरली असती तर शेजाऱ्याचे यंत्र बंद पडले असते. तेव्हा पेटी दुबळी आहे हा तिचा दोष नव्हे. सर्वांना एकत्र नांदता यावे म्हणून तिला आवाज बेताचा दिलेला आहे.

अशा लहरी भिंतीतून जातात हे आपल्याच देशातील एका शास्त्रज्ञाने फार पूर्वी लोकांना दाखविले होते. सर जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्यात आखूड लांबीच्या अशाच लहरींनी भिंतीपलीकडील घंटा वाजवून दाखविली. परंतु जाणे वेगळे आणि अंगातील सर्व बळ घेऊन जाणे वेगळे. प्रत्येक भिंतीपाशी लहर काही गमावते. लाकडी दार किंवा पातळ फळी तिला फारशी अडवीत नाही. विटांची भिंत तिचा मोठा भाग खाते. जुनी रुंद दगडी भिंत त्याहून अधिक. आणि सर्वांत कठीण तो स्लॅब. चार-पाच इंच जाडीच्या काँक्रीटमध्ये सहा-सहा इंचांवर लोखंडी सळयांची जाळी असते. काँक्रीट लहर शोषून घेते, लोखंड ती परत फिरविते. वर फरशी, खाली गिलावा, मध्ये पाण्याचा नळ. पावसाळ्यात ओल धरली तर पाणीही आपला वाटा घेते. परिणामी स्लॅब ओलांडताना पुष्कळदा शंभरातील दोन-चार भागच शिल्लक राहतात. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगाने अधिक काम करते, पण काँक्रीटपुढे ती अधिक लवकर दमते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पेटीवर ज्या दोन-चार काड्या उभ्या असतात, त्या काडीच्या टोकाकडून लहर निघत नाही. ती कुशीकडून निघते. उभ्या काडीभोवती ती चारी दिशांना आडवी पसरते, विहिरीच्या पाण्यात खडा टाकल्यावर वलये पसरावीत तशी. काडीच्या डोक्यावर मात्र ती फार थोडी जाते. म्हणजे सर्व काड्या नीटनेटक्या उभ्या केल्या की खालचे घर भरते आणि वरचे रिकामे राहते. एक काडी उभी व एक आडवी ठेवली, तर आडव्या काडीच्या कुशीतून निघालेली लहर वरच्या दिशेनेही जाते. याला एक पैसाही पडत नाही.

आता पुन्हा उणकलच्या त्या घरी जाऊ. दुसऱ्या दिवशी मी सायंकाळी गेलो. मोबाइलमध्ये लहरीचे बळ अंकांत दाखविणारे एक फुकट मिळणारे साधन घेतले होते. हे अंक उणे असतात. शून्याच्या जितके जवळ, तितके बळ अधिक. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६५ पर्यंत चित्रासह संभाषण बिनधोक चालते. उणे ७५ ला अडखळते. उणे ८० च्या पलीकडे जोडणी असून नसल्यासारखी. आणि हेही ध्यानात ठेवावे की दर दहा अंकांना बळ दहाव्या हिश्शावर येते.

पेटी सोप्यात होती, जेथे कंपनीच्या माणसाने भिंतीला भोक पाडून तार आत आणली होती तेथेच. एका बाजूस टेलिव्हिजन, दुसऱ्या बाजूस लोखंडी कपाट. समोर काचेचे दार, त्यावर आजीने प्रेमाने विणलेला रुमाल. सोप्यात अंक आला उणे ४३. जिन्याच्या पायथ्याशी उणे ५९. सातव्या पायरीवर उणे ६६. माडीवर जिन्याच्या तोंडाशी उणे ७४. मुलीच्या कोपऱ्यातील खोलीत उणे ८३. खालून वर जाईपर्यंत चाळीस अंक, म्हणजे दहा हजारातील एक भाग उरला. मग वेग मोजला. सोप्यात योजनेप्रमाणे भरपूर. मुलीच्या खोलीत तीन मेगाबिट, कधी तेवढाही नाही. धाकट्या भावाने सांगितले की चाळीसची योजना होती तेव्हाही वर तीनच येत असे. थोरल्याने दोनदा वाढविलेले पैसे स्लॅबच्या खालीच राहिले होते. नळाला मोठी टाकी जोडली, पण वर जाणारा पाइप तोच बारीक राहिला, असा हा प्रकार.

पण रात्री दहाचे काय? “थांबा आणि पाहा,” धाकट्या सुनेने सांगितले. आम्ही थांबलो. दहाच्या सुमारास थोरला भाऊ रोजच्याप्रमाणे उठला. पेटीकडे तो वळलाही नाही. तो जिन्याकडे गेला आणि जिन्याच्या पायथ्याचे दार त्याने लावून घेतले. मांजर येऊ नये आणि आईला वारा लागू नये म्हणून ते दार वर्षानुवर्षे त्याच वेळी बंद होत आले आहे. दार पत्र्याचे होते.

मी मुलीला वर पाठविले. अंक घसरून जिन्याच्या तोंडाशीच उणे ८४ झाला होता. तिच्या खोलीत तर जोडणीच तुटली होती. दार उघडले, अंक परतला. पुन्हा लावले, पुन्हा घसरला. जी काही लहर वर जात होती ती स्लॅबमधून जात नव्हतीच. ती जिन्याच्या मोकळ्या जागेतून, भिंतीवर आपटत, वळत वर चढत होती. तेवढी एकच वाट होती, आणि रात्री दहा वाजता तिला पत्र्याचे झाकण बसत होते.

खालच्या सोप्यात काही वेळ कोणी बोलले नाही. मग धाकटी सून म्हणाली, “भावोजी, आम्हाला वाटले…” आणि तिने वाक्य पुरे केले नाही. थोरल्याने एवढेच म्हटले, “मला तरी कुठे ठाऊक होते?”

वाचकहो, रात्रीच्या तक्रारीला अनेक घरांत आणखीही एक कारण असते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाटा तीनच धरतात: १, ६ आणि ११ क्रमांकाच्या. दाट वस्तीत वीस घरांच्या वीस पेट्या या तीन वाटांवरच गर्दी करतात. आठ ते अकरा या वेळात सर्व घरे जागी असतात व चित्रपट चालू असतात. ज्याला लहर जोराने मिळते त्याला ही गर्दी जाणवत नाही. ज्याला ती मुळातच क्षीण मिळते त्याचा आवाज जत्रेत हरवतो. मायक्रोवेव्ह भट्टीदेखील याच पट्ट्यात काम करते, म्हणून पेटी तिच्या शेजारी ठेवू नये.

मग उपाय कोणते? ते स्वस्तापासून महागाकडे, याच क्रमाने करावेत असे माझे सांगणे आहे. कारण बहुतेक लोक उलट्या बाजूने सुरुवात करतात.

पहिला उपाय म्हणजे मोजणे. मोबाइल हातात घेऊन प्रत्येक खोलीत एक मिनिट थांबावे, दारे उघडी असताना व लावलेली असताना अंक लिहून ठेवावा. वेगही दोन ठिकाणी मोजावा: पेटीजवळ आणि जेथे अडचण आहे तेथे. पेटीजवळच वेग कमी असेल तर तक्रार कंपनीकडे न्यावी. पेटीजवळ पुरेसा आणि वर कमी असेल तर कंपनीशी भांडणे व्यर्थ आहे, दोष घरातच आहे. ही एवढी कसोटी घेतली असती तर त्या घरी दोनदा योजना वाढविण्याचे कारण पडले नसते.

दुसरा उपाय जागा बदलणे. पेटी कपाटात, टेलिव्हिजनमागे, आरशाजवळ, फ्रिजवर, पाण्याच्या टाकीलगत ठेवू नये. धातू लहर परत फिरवितो आणि पाणी ती पिते. दोन मजले असतील तर पेटीची योग्य जागा जिन्याजवळ, उंचावर, शक्यतो घराच्या मध्यावर. खालच्या मजल्याच्या छताजवळ ती बसविली तर दोन्ही मजल्यांना ती जवळ होते. बाहेरून येणारी काचतंतूची तार वाढवून घ्यावी लागते. ती केसाएवढ्या काचेची असते, तेव्हा स्वतः वाकवू किंवा कापू नये, कंपनीच्या माणसाकडूनच ते काम करून घ्यावे. नवीन जोडणी घेताना तर पहिल्याच दिवशी सांगावे की पेटी सोप्यात नको, जिन्यापाशी हवी. त्या दिवशी दहा मीटर जास्त तार ओढणे सोपे असते. पुढे तेच काम मागे पडते. काही जण पेटीमागे पत्रा किंवा चांदीचा कागद उभा करतात. त्याने एका दिशेला थोडे अधिक जाते हे खरे, पण ते दुसऱ्या दिशेचे काढून घेतलेले असते.

त्या घरी पेटी जिन्याच्या बाजूस, दाराच्या आतल्या अंगाला, उंच फळीवर नेली व एक काडी आडवी केली. आता दार लागले तरी ते पेटी आणि माडी यांच्यामध्ये येत नव्हते. खालच्या सोप्यात दगडी भिंतीमुळे थोडे कमी झाले, तरी उणे ६० राहिले; आजीच्या कुवेतमधील मुलाशी होणाऱ्या संभाषणाला ते पुरेसे आहे. माडीवर जिन्याच्या तोंडाशी उणे ५७ आणि कोपऱ्यातील खोलीत उणे ७३ आले. अडचण अर्धी संपली. पण त्या खोलीत अभ्यास करायचा होता, म्हणून अर्ध्यावर थांबून चालणार नव्हते.

तिसरा उपाय बाजारात सर्वांत आधी सुचविला जातो, तो म्हणजे लहर झेलून पुढे पाठविणारे लहान यंत्र, ज्याला रिपीटर म्हणतात. ते उपयोगी आहे, पण त्याच्या दोन मर्यादा ओळखाव्यात. एक अशी की पुष्कळ साधी यंत्रे एकाच वाटेवर आधी ऐकतात आणि मग बोलतात, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. दुसरी अशी की लोक ते जेथे लहर मुळीच नाही तेथे लावतात. ज्याला स्वतःला निरोप मिळालेला नाही तो दुसऱ्याला काय देणार? ते मध्यावर, जेथे अंक अजून उणे ६५ च्या आत आहे तेथे लावावे. एकमेकांशी जुळवून घेणाऱ्या दोन-तीन पेट्यांचा संचही मिळतो, त्याला मेश म्हणतात. तो चांगला, पण महाग. आणि मध्ये जाड स्लॅब असला तर त्यालाही शक्यतो तारेनेच जोडावे.

चौथा उपाय तार हाच होय, आणि माझ्या मते दोन मजली घरासाठी तोच खरा. बिनतारी सेवेसाठी पुन्हा तार ओढायची हे ऐकून हसू येईल. परंतु लहर ज्या स्लॅबपुढे हरते तो स्लॅब तारेला आडवा येतच नाही. बाजारात कॅट-६ या नावाची तार मिळते; शंभर मीटरपर्यंत ती वेग न गमावता निरोप नेते, आणि आपल्या घराला पंधरा-वीस मीटर पुरतात. ती जिन्याच्या कडेने पट्टीत बसवून वर न्यावी. विजेच्या तारेच्या नळीत ती घालू नये. भिंतीच्या बाहेरून नेणे भाग पडले तर उन्हापावसात टिकणारी, जाड काळ्या आवरणाची तार घ्यावी. आणि वळवाचे ढग गडगडू लागले की दोन्ही पेट्यांचे प्लग काढावेत. आपल्या भागात एप्रिल-मे मध्ये वीज पडते तेव्हा लांब तारेतून आलेल्या झटक्याने यंत्रे निकामी होतात. म्हणून शक्य तो तार घराच्या आतूनच न्यावी.

वरच्या टोकाला नवीन पेटी विकत घ्यावयास हवीच असे नाही. पुष्कळ घरांत एखादी जुनी पेटी कपाटात पडून असते. तिच्यात चार बदल करावेत. तिचा पत्ता खालच्या पेटीहून वेगळा करावा. उदाहरणार्थ खालची १९२.१६८.१.१ असेल तर वरची १९२.१६८.१.२. मोबाइलना पत्ते वाटण्याचे काम, ज्यास डीएचसीपी म्हणतात, ते वरच्या पेटीत बंद करावे; एका घरात पत्ते वाटणारा एकच असावा, नाही तर गोंधळ होतो. खालून आलेली तार इंटरनेटच्या वेगळ्या रंगाच्या भोकात न घालता बाकीच्या एकसारख्या भोकांपैकी एकात घालावी. नाव आणि परवलीचा शब्द दोन्ही पेट्यांत तेच ठेवावेत, पण वाट वेगळी द्यावी: खाली १ तर वर ६ किंवा ११. असे केले की मोबाइल खालून वर जाताना स्वतः पेटी बदलतो. क्वचित तो जुन्याच पेटीला चिकटून राहतो. तेव्हा त्याचे वायफाय एकदा बंद करून पुन्हा सुरू करावे. आणि जुन्या पेटीत डब्ल्यूपीए-२ किंवा त्यापुढचे कुलूप नसेल तर तिचा मोह सोडावा. जोडणी ज्याच्या नावावर आहे, तिच्या वापराची जबाबदारीही त्याच्यावरच असते. वीज जाण्याची सवय असलेल्या गावात पेटीसाठी मिळणारा लहान बारा व्होल्टचा बॅटरीचा डबा घ्यावा, तोही दोन्ही मजल्यांवर; एकच चालू राहिली तर उपयोग नाही.

त्या घरी तार आणली ती थोरल्या भावाने. पट्टी ठोकली धाकट्याने. जुनी पेटी थोरल्याच्याच कपाटात निघाली. योजना बदलताना कंपनीने नवी दिली होती, तेव्हापासून ती पडून होती. चार बदल मुलीने स्वतः केले; मी फक्त शेजारी उभा राहून वाचून दाखविले. तारेचे व टोकांचे मिळून जे पैसे झाले ते एका महिन्याच्या योजनेहून कमी होते. तिच्या खोलीत अंक आला उणे ४६, आणि वेग खालच्याइतकाच. पुढच्या महिन्यात दोनशेची योजना उतरवून पुन्हा शंभरची केली. दोन्ही मजल्यांना ती पुरून उरते.

घर बांधणाऱ्या किंवा माडी चढविणाऱ्या वाचकांना एक विनंती आहे. स्लॅब घालण्याच्या आदल्या दिवशी गवंड्याला सांगून जिन्यालगत वरपर्यंत एक रिकामी प्लॅस्टिकची नळी सोडून ठेवा, आणि तीत एक दोरी ओढून ठेवा. विजेची नळी निराळी, ही निराळी. सिमेंट, वाळू आणि सळ्यांच्या हिशोबात तिचा खर्च दिसणारही नाही. पुढे जी कोणती तार लागेल ती त्या दोरीला बांधून वर नेता येईल; स्लॅब फोडावा लागणार नाही, आणि एखाद्या मुलाला पायरीवर बसून शिकावे लागणार नाही.

ज्यांचे घर झालेले आहे त्यांनी भावावर किंवा जावेवर शब्द टाकण्यापूर्वी मोबाइल घेऊन एकदा घरभर फिरावे, आणि रात्री दहा वाजता कोणते दार लागते तेही पाहावे. उणकलच्या त्या घरातील पत्र्याचे दार अजून तेथेच आहे व ठरल्या वेळी लागते. मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा सातव्या पायरीवर कोणी नव्हते. आजीने वाटीत झाकून ठेवलेले काहीतरी घेऊन थोरली सून जिना चढत होती, आणि दार तिने पायाने लोटून अर्धे उघडे ठेवले होते.